पाटाचं पाणी आणि पोटाचं दुखणं : माझा संमोहनाचा अनुभव

बरेच दिवस लिहू की नको करत होते, कारण विषय पोटाचा आहे आणि पोटाचा म्हणजे शेवटी संडासचा, आणि आपल्याकडे बायका त्याबद्दल डॉक्टरसमोर पण धड बोलत नाहीत. पण गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या एका मुलीने हळूच विचारलं, ताई तुम्ही ते हिप्नॉटिझमचं काहीतरी केलं होतं ना, ते खरं असतं का? जेवणाच्या सुट्टीत तिला काही नीट सांगता आलं नाही, म्हणून जसं झालं तसं लिहून काढतेय.

मी डोंबिवलीला राहते, नोकरी फोर्टला. 2017 च्या पावसाळ्यात एकदा पोट बिघडलं, जुलाब, ताप, पाच दिवस घरी होते. ताप गेला, जुलाब थांबले, पण पोट पहिल्यासारखं झालं नाही ते नाहीच. सकाळी निघायच्या आधी तीनदा जाऊन यायचं, तरी स्टेशनवर पोचेपर्यंत पोटात पीळ पडायचा. दुखायचं पण कसं, तर बेंबीच्या खाली कोणीतरी ओला टॉवेल पिळतंय असं, आणि जाऊन आलं की थोडा वेळ बरं वाटायचं. मग दुखण्यापेक्षा त्याची भीतीच मोठी झाली. कुठल्या स्टेशनवर कुठल्या टोकाला सोय आहे, ऑफिसच्या रस्त्यावर कुठल्या हॉटेलवाल्याला विचारता येतं, सगळं पाठ झालं. प्रवासात खिडकी सोडून दारापाशी उभी राहायचे. लग्नाला जायचं असेल तर आदल्या रात्रीपासून जेवायचे नाही. लेकीच्या शाळेची पिकनिक, मंडळाची अष्टविनायक यात्रा, सगळ्याला नाही म्हणत गेले आणि कारण मात्र दर वेळी दुसरंच सांगायचे.

उपाय सगळे झाले. आईचा बेलाचा मुरांबा, सासूबाईंचं ओवा-हिंग घालून ताक, कुटजारिष्ट, इसबगोल. मग पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं, गव्हाची अ‍ॅलर्जी नाही ना ते बघितलं, शेवटी कोलोनोस्कोपी केली. सगळं नॉर्मल. 2019 मध्ये फाईलवर लिहिलं आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, पीळ थांबवायच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले टेन्शन घेऊ नका. रिपोर्ट नॉर्मल आले की घरातल्यांना हायसं वाटतं आणि आपल्याला मात्र रडू येतं, कारण दुखतंय तर खरंच ना. नवरा काही बोलला नाही पण सासूबाई म्हणाल्या, म्हणजे मनाचंच आहे सगळं. ते वाक्य मला फार लागलं. आता कळतं की त्या अर्धं बरोबर बोलत होत्या, फक्त त्यातला ‘च’ चुकीचा होता.

मधल्या काळात एक वाईट अनुभव आला तो आधी सांगते, कारण संमोहन या नावाशी माझी पहिली ओळख तीच. कोणीतरी एका माणसाचा नंबर दिला, तीन सेशनमध्ये गॅरंटी, पैसे आधी. त्याने मला झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि मागे मागे न्यायला लागला, लहानपण, आईचं पोट, आणि मग ‘त्याच्याही आधी’. आता काय दिसतंय, काय दिसतंय असं विचारत राहिला. मला खरंच दिसायला लागलं हो, जुना वाडा, पायऱ्या, हातात कंदील. तो म्हणाला पोटात सुरा खुपसलेला दिसतोय का, आणि मग तोही दिसला. मी ओक्साबोक्शी रडले. पुढचे दोन महिने मला ते सगळं खरं वाटत होतं, रात्री दचकून उठायचे, आणि पोटाचा त्रास होता तिथेच. वर तो गोळ्या बंद करा म्हणाला होता, त्या बंद केल्याने आणखी हाल झाले. दुसऱ्या सेशनला गेले नाही, पैसे बुडाले.

तेव्हा माझ्याबाबतीत काय झालं ते मला खूप नंतर कळलं. त्या अवस्थेत मन चित्रं फार ठसठशीत काढतं, आणि समोरच्याने प्रश्नातच उत्तर दिलं की तेच चित्र येतं आणि ते आठवणीसारखं वाटतं. आठवण आणि कल्पना यातला फरक आतून कळत नाही. म्हणून संमोहनात आठवलेलं म्हणजे घडलेलंच असं धरून चालत नाही. मी वेडी नव्हते आणि बावळटही नव्हते, माझं मन त्याला सांगितलेलं काम इमानदारीने करत होतं आणि सांगणारा चुकीचा होता.

त्यामुळे 2023 मध्ये पोटाच्या नवीन डॉक्टरांनी (मैत्रिणीने सुचवलेल्या) जेव्हा शांतपणे सांगितलं की गोळ्यांनी एक वर्ष होऊन गेलं तरी फरक पडत नाहीये तर आपण हिप्नोथेरपीचा विचार करू, तेव्हा माझे हातपाय गार पडले. मी सरळ म्हणलं, डॉक्टर मला ते नको, मी एकदा पोळलेय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग वेळ काढून समजावलं, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. म्हणाले की पोटासाठीचं संमोहन हा वेगळाच प्रकार आहे, इंग्लंडमधे मँचेस्टरला पीटर व्होरवेल नावाच्या डॉक्टरांनी 1984 मध्ये तीस पेशंट घेऊन तो पद्धतशीर तपासला, सगळे असे की ज्यांना कशानेच गुण येत नव्हता. अर्ध्यांना संमोहन, अर्ध्यांना समुपदेशन आणि औषध नसलेली खोटी गोळी. संमोहनवाल्यांना बराच जास्त फायदा झाला आणि तो अभ्यास लॅन्सेट या डॉक्टरांच्या मोठ्या मासिकात छापून आला. पुढे 2008 मध्ये ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये पण आलं की वर्षभर औषधं घेऊन फरक नसेल तर इतर मानसोपचारांबरोबर याचाही विचार करावा. आपल्याकडे पण केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2003 मध्ये हिप्नोथेरपीला उपचाराची एक पद्धत म्हणून मान्यता दिलीय, पण ती करणारा माणूस रीतसर शिकलेला पाहिजे.

मी विचारलं पण पोटाचा आणि मनाचा संबंध काय. तर ते म्हणाले तुमची भाषाच बघा की. पोटात गोळा आला, पोटात धस्स झालं, भीतीने पोटात कालवाकालव, लेकरासाठी आतडं तुटतं. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याचं दिवसरात्र दोन्ही बाजूंनी बोलणं चालू असतं. माझ्यासारख्यांमध्ये ही लाईन जास्त संवेदनशील झालेली असते. आतड्यात जेवढा गॅस फिरल्यावर तुम्हाला काही कळणारही नाही तेवढ्याने मला कळ येते. आतडं फाटलेलं नाही, सुजलेलं नाही, पण निरोप मोठ्या आवाजात जातोय, आणि वर मेंदू घाबरून आणखी मोठ्या आवाजात उलटा निरोप पाठवतोय. संमोहनात तो आवाज कमी करायला शिकायचं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला ‘मनाचं आहे’ न म्हणता मन कुठे बसतं ते सांगितलं.

त्यांनी ज्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे पाठवलं त्यांच्या भिंतीवर एम.फिल.चं आणि आरसीआयच्या (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणारी सरकारी संस्था) नोंदणीचं सर्टिफिकेट होतं, ते मी आधी वाचलं. पहिल्या दिवशी संमोहन झालंच नाही. नुसते प्रश्न. वजन उतरलंय का, संडासातून रक्त पडतं का, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येते का, सगळे रिपोर्ट आणलेत का. म्हणजे दुसरा काही आजार राहून तर गेला नाही ना हे पक्कं केल्याशिवाय त्या सुरू करणार नव्हत्या. मग फिट येतात का, भास होतात का, घरात कोणाला मोठा मानसिक आजार आहे का. नवऱ्याला बाहेर बसवलं होतं तर म्हणाल्या हवं तर त्यांना आत बोलवा, सेशनला बसू देत, मला काही हरकत नाही. माझी निम्मी भीती तिथेच गेली. सासूबाईंनी निघताना बजावलं होतं की कोणाच्या ताब्यात जायचं नाही बाई, वशीकरण म्हणतात त्याला. मी हे मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, बरोबर आहे त्यांचं, शब्दच तसे आहेत ना आपल्याकडे, मोहिनी, वशीकरण, संमोहन, सगळ्यात कोणीतरी कोणालातरी भुरळ घालतंय. इंग्रजी शब्द पण फसवाच आहे. हिप्नॉस हा ग्रीकांचा झोपेचा देव, त्याच्यावरून जेम्स ब्रेड नावाच्या मँचेस्टरच्याच सर्जनने 1843 मध्ये हा शब्द रुळवला, आणि नंतर त्याला स्वतःलाच कळलं की ही झोप नाहीच, एकाच विचारावर मन खिळणं आहे, म्हणून त्याने नाव बदलायचा प्रयत्न केला पण तोवर शब्द जगभर गेला होता.

आणि कॉलेजच्या गॅदरिंगला बघितलं होतं ते, मुलगा कांदा सफरचंद म्हणून खातो? तर म्हणाल्या स्टेजवर येणारी मुलं स्वतःहून वर आलेली असतात, त्यातून सगळ्यात पटकन प्रतिसाद देणारी निवडतात, समोर हजार लोक टाळ्या वाजवायला बसलेले. संमोहन लागण्याची क्षमता माणसामाणसात वेगळी असते, थोड्या लोकांना फार खोल लागतं, थोड्यांना जवळजवळ लागतच नाही, आपण बहुतेक सगळे मधले.

दुसऱ्या आठवड्यात खरं सुरू झालं. पाय लांब करता येतील अशी साधी खुर्ची. छताच्या कोपऱ्यातल्या एका डागाकडे बघत राहायचं, पापण्या जड झाल्या की मिटायच्या, मग श्वास, मग दहापासून उलटे आकडे आणि एकेक पायरी उतरायची. मी मनात म्हणत होते की हे काही होत नाहीये. मला सगळं ऐकू येत होतं, खाली रिक्षावाल्यांचं भांडण, पंख्याची करकर, वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या, मी त्या मोजल्या पण, तीन. मनात आलं असतं तर उठून निघून जाता आलं असतं, फक्त उठावंसं वाटत नव्हतं. म्हणाल्या हात खुर्चीच्या दांडीवर हलका होतोय असं बघा, तर डावा हात बोट-दोन बोटं वर आला, मी उचलला नव्हता आणि कोणी उचलवला पण नव्हता, ते मला अजून नीट सांगता येत नाही. डोळे उघडल्यावर त्यांनी विचारलं किती वेळ झाला असेल. मी म्हणलं दहा मिनिटं. घड्याळात पस्तीस झाली होती.

तिसऱ्या सेशनमध्ये पोटाचं काम. स्वतःचा हात पोटावर ठेवायचा आणि हातातून ऊब आत उतरतेय अशी कल्पना करायची. ऊब खरंच आली. मग त्यांनी नदी सांगितली, या पद्धतीत ती बऱ्याच ठिकाणी वापरतात, आतडं म्हणजे नदी आणि ती संथ वाहतेय. आणि तिथे माझं सगळं बिघडलं. पोटात असा पीळ पडला की घाम फुटला. ठरल्याप्रमाणे मी बोट वर केलं, त्या लगेच थांबल्या.

कारण सांगते. माझं माहेर गुहागर तालुक्यातलं आणि मामाचं घर चिपळूणला. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं तेव्हा मामा-मामी माळ्यावर बसून होते, फोन लागत नव्हता, मी इथे डोंबिवलीत रात्रभर नंबर फिरवत होते. दोघं वाचले, पण घरात पुरुषभर चिखल होता. मला कोणी नदी म्हणलं की मला ते पाणी दिसतं. कोणाच्याच हातात नसलेलं पाणी.

मॅडमनी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, मग पाणी तुमच्या हातात असतं असं कुठे बघितलंय? मला एक क्षण पण विचार करावा लागला नाही. आमच्या आजोबांची पोफळीची बाग. उन्हाळ्यात दुपार कलली की शिपणं असायचं. पंप सुरू केला की पाटातून पाणी येणार, एका पोफळीचं आळं भरलं की चिखलाचा गोळा पायाने सारून तिकडचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या आळ्याचं उघडायचं. आजोबांनी मला सात वर्षांची असताना ते काम दिलं होतं. घाई केली तर पाट फुटतो, विसरलं तर आळं वाहून जातं, पण नुसतं उभं राहून बघत राहिलं की पाणी आपलं आपण येतं, गार, पायाच्या बोटांमधून, आणि आपण सांगू तिकडे वळतं. माझं बोलून झालं तेव्हा लक्षात आलं की दुखायचं थांबलंय. डोळे पण मिटलेले नव्हते.

तिथून पुढे नदी गेली आणि पाट आला. आणखी एक गोष्ट मी धीर करून सांगितली, की मॅडम तुम्ही ‘आपले शरीर आता शिथिल होत आहे’ असं बोलता ते मला बातम्यांसारखं वाटतं, आमच्यात असं कोणी बोलत नाही. त्यांनी ते मनावर घेतलं. पुढच्या वेळेपासून ‘सैल सोड गो, पाणी येतंय, येऊ दे’. त्यांनी हे शब्द मला विचारून विचारून लिहून घेतले होते, पाट, आळं, पन्हळ, झाप. आजोबा मला गो म्हणायचे. मला वाटतं औषधाचा अर्धा गुण या शब्दांत होता.

त्या सेशनचं रेकॉर्डिंग फोनवर करून दिलं, चोवीस मिनिटांचं, रोज ऐकायचं. हे रोज ऐकणं म्हणजेच खरा उपचार, आठवड्यातला एक तास नाही. मी रात्री लेक झोपली की हेडफोन लावायचे. वहीत रोज शून्य ते दहा असे आकडे लिहायचे, किती दुखलं, किती फुगलं, भीती किती वाटली. पहिले चार आठवडे आकडे हलले नाहीत, पाचव्यात मी फोन करून म्हणलं मला नाही वाटत माझ्यावर हे चालतंय, त्या म्हणाल्या वही घेऊन या. वहीत बघितलं तर दुखणं तेवढंच होतं पण भीतीचा आकडा आठवरून पाचवर आला होता आणि माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. दुखणं त्याच्या मागून उतरलं. एकूण नऊ सेशन झाले, साधारण तीन महिने. सुरुवातीला आठवड्यातले पाच दिवस दुखायचं ते शेवटी एक, कधी दोन. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या, मी आपल्या मनाने काही बंद केलं नाही.

पूर्ण बरी झाले असं मी म्हणणार नाही. राजमा खाल्ला की आजही पोट फुगतं. लेकीच्या दहावीच्या परीक्षेत महिनाभर रेकॉर्डिंग ऐकायला जमलं नाही तर दुखणं बऱ्यापैकी परत आलं, मग पुन्हा सुरू केलं. आणि हे प्रत्येकाला लागू पडतंच असं नाही, माझ्याबरोबर त्याच डॉक्टरांकडून आलेल्या एका काकांना काही उपयोग झाला नाही, त्यांना पथ्याने गुण आला. ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठाच्या लोकांनी 2016 मध्ये ते खास पथ्य (कांदा, लसूण, गहू, डाळी वगैरे काही काळ बंद करायचे ते) आणि हे संमोहन शेजारी ठेवून बघितलं होतं, तर दोन्हीचा गुण साधारण सारखाच आला. मला कांदा-लसूण सोडून घरात दोन स्वयंपाक करणं जमलं नसतं, म्हणून माझ्यासाठी हे बरं पडलं.

मध्यंतरी 2024 मध्ये नवऱ्याच्या मावसभावाचं लग्न म्हापशाला होतं आणि मी गेले. बसने गेले, हेच मोठं होतं. लग्नानंतर पणजीला फिरताना मांडवीच्या काठी जुन्या सचिवालयाच्या शेजारी तो काळा पुतळा दिसला, झग्यातला पाद्री दोन्ही हात पसरून वाकलाय आणि समोर एक बाई मागे कलंडलीय. आधी मी तो भीतीदायक म्हणूनच बघितला असता. भावोजींनी सांगितलं हा आबे फारिया, आपल्या कांदोळीचा, 1756 चा जन्म, संमोहनशास्त्राच्या मूळ पुरुषांपैकी एक. त्यांनी एक गोष्ट सांगितली जी गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. तरुण फारिया पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि एवढे मोठमोठे लोक बघून त्याची वाचाच बसली. खाली बसलेले वडील कोकणीत हळूच म्हणाले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’. आणि त्याची भीती गेली, बोलायला लागला. एका वाक्याने असं काय झालं हा प्रश्न म्हणे त्याला आयुष्यभर पुरला.

घरी आल्यावर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं. त्याच्या आधी मेस्मर नावाचा डॉक्टर सांगायचा की माणसातून माणसात एक अदृश्य चुंबकी प्रवाह जातो, उपचार करणाऱ्यात ती शक्ती असते. 1784 मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, त्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, तपासून सांगितलं असा प्रवाह वगैरे काही नाही, हा कल्पनेचा परिणाम आहे. पण परिणाम होतो तर खरं ना, मग तो कसा, तर फारियाने 1813 पासून पॅरिसमध्ये लोकांसमोर करून दाखवलं आणि सांगितलं की शक्ती करणाऱ्यात नसतेच, सगळं त्या झोपणाऱ्याच्याच आत घडतं. लोकांनी त्याची टिंगल केली, 1819 मध्ये तो गरिबीत गेला. त्याच वर्षी त्याचं पुस्तक आलं. मला हे वाचताना राहून राहून वाटत होतं की पुतळ्यात त्या बाईकडे बघायला पाहिजे, काम तिचं चाललंय.

वेदनेवर याचा उपयोग आपल्याच देशात फार आधी झालाय. हुगळीला जेम्स एस्डेल नावाच्या इंग्रज सरकारच्या डॉक्टरने 1845 मध्ये अंडवृद्धीच्या एका कैद्यापासून सुरुवात करून शेकडो ऑपरेशनं मेस्मेरिझमने, म्हणजे त्या मेस्मरच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीने, केली, तेव्हा भूल द्यायचं औषधच नव्हतं. लगेच पुढच्या वर्षी बोस्टनला इथरने भूल द्यायचा प्रयोग यशस्वी झाला आणि ही पद्धत मागे पडली. भूल मिळाली ते फार चांगलंच झालं. पण बेल्जियममध्ये लीएजच्या हॉस्पिटलमध्ये 1992 पासून काही ऑपरेशनं पूर्ण भूल न देता जागेपुरती भूल, थोडं गुंगीचं औषध आणि संमोहन यांच्या जोडीवर करतात. भाजलेल्यांचं ड्रेसिंग, बाळंतपण, दाताच्या खुर्चीची भीती, केमोआधीच्या उलट्या, अशा ठिकाणी पण वापरतात. सिगारेट सोडवायला लोक फार जाहिरात करतात, तिथला पुरावा मात्र कच्चा आहे असं मॅडमनीच सांगितलं.

त्या ऑफिसमधल्या मुलीसाठी एवढंच लिहिते : आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा आणि तपासण्या पूर्ण कर, मग ज्यांच्याकडे जाशील त्यांची पदवी आणि नोंदणी विचार, विचारायला लाजू नको. गॅरंटी देणारा, मागचा जन्म दाखवणारा, चालू औषधं बंद करायला सांगणारा, यांच्याकडून उठून ये. उठता येतं. डोळे मिटलेले असले तरी उठता येतं, हे मला आधी माहीत असतं तर पहिल्या माणसाकडून मी दहाव्या मिनिटाला निघाले असते.

मागच्या पावसाळ्यात लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये पाऊण तास उभी राहिली. गर्दी अशी की हात हलवायला जागा नाही. पीळ आला, घाम आला, सहा वर्षांपूर्वी मी तिथे किंचाळले असते. पर्सच्या मागून हात पोटावर ठेवला आणि चिखलाचा गोळा पायाने सारला, एक आळं बंद, दुसरं उघडं. कळ गेली नाही, पण ती वाढली पण नाही, आणि पाऊण तास मी ते काम करत उभी राहिले. दादरला उतरून मग गेले, पळत नाही, चालत.

आणि एक गंमत. ते रेकॉर्डिंग क्लिनिकमध्ये केलं तेव्हा वरच्या मजल्यावर कुकर लागलेला होता, त्यामुळे साधारण अकराव्या मिनिटाला त्यात एक शिट्टी आहे, नेमकं ‘पाणी येतंय, येऊ दे’ च्या नंतर. मॅडम म्हणाल्या होत्या परत करून देते, मी म्हणलं राहू दे. परवा संध्याकाळी घरी भात लावला होता, लेक बाजूला अभ्यास करत होती, कुकरची शिट्टी झाली आणि माझे खांदे आपोआप खाली आले, पोट सैल पडलं, हातातली भाजी चिरायची थांबले. लेक म्हणाली आई काय झालं, हसतेस काय एकटीच.